बहिष्कार वस्तूवर की माणसावर? जाहिराती, ग्राहक आणि समलिंगी माणसांचे हक्क

ऑक्टोबर २०२१ मध्ये, करवा चौथच्या सुमारास, आपल्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता. डाबर कंपनीच्या वस्तू घेऊ नका, असे त्यात सांगितले होते. कारण होते कंपनीच्या 'फेम' या ब्लीच क्रीमची एक जाहिरात. दोन तरुणी पहिल्या करवा चौथची तयारी करत आहेत. एक दुसरीच्या चेहऱ्याला क्रीम लावते आहे. एवढा कडक उपास कशासाठी, यावर दोघी बोलतात. घरातली एक मोठी बाई दोघींना साड्या देते. रात्री चंद्र उगवतो आणि दोघी चाळणीतून एकमेकींचे तोंड पाहतात. तेव्हा प्रेक्षकाला कळते की या मैत्रिणी नाहीत, जोडपे आहे.

आपल्या मराठी घरांत मुळात वटपौर्णिमेचे व्रत. करवा चौथ आपल्याला शेजारच्या हिंदी भाषक घरांतून आणि टीव्हीवरच्या मालिकांतून ओळखीचा झाला. तरी तो निरोप मराठी गटांतही आला, आणि पुष्कळांनी जाहिरात न पाहताच पुढे पाठवला.

त्या जाहिरातीचा शेवट मात्र दिल्लीत किंवा मुंबईत झाला नाही. तो भोपाळमध्ये झाला. २५ ऑक्टोबरला आपल्या राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी जाहिरातीला आक्षेप घेतला, पोलीस महासंचालकांना लक्ष घालायला सांगितले आणि जाहिरात मागे घेतली नाही तर कायदेशीर कारवाई करू असे जाहीर केले. त्याच दिवशी कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि बिनशर्त माफी मागितली.

या घटनेला आता काही वर्षे झाली. पण असे निरोप येतच राहतात. कधी दागिन्यांच्या दुकानावर, कधी कॉफीच्या, कधी कपड्यांच्या. म्हणून हा बहिष्कार म्हणजे काय, तो कुठून आला, कधी चालतो आणि कुणाला लागतो, हे एकदा नीट समजून घ्यावे असे वाटले.

एका शब्दात दोन गोष्टी

'बॉयकॉट' हा इंग्रजी शब्द एका माणसाच्या आडनावावरून आला. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी होता. १८८० मध्ये कुळांनी त्याच्याशी सगळे व्यवहार तोडले. शेतात मजूर येईनात, दुकानदार माल देईनात. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आज आपण 'वस्तू न घेणे' असा समजतो, तो जन्मला एका माणसाला वाळीत टाकण्यातून.

मराठीत 'बहिष्कार' या शब्दाला हे दोन्ही अर्थ आहेत, आणि दोन्ही आपल्या इतिहासात ठळक आहेत. बंगालच्या फाळणीनंतर लोकमान्य टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री लोकांपुढे ठेवली. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तो बहिष्कार वस्तूंवर होता आणि रोख होता सत्तेवर. ज्याच्या हातात कायदा नाही, मतदान नाही, त्याने आपल्या खिशातला पैसा हत्यार म्हणून वापरला.

दुसरा अर्थ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या संस्थेच्या आणि वर्तमानपत्राच्या नावातच कोरून ठेवला. १९२४ ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७ चे 'बहिष्कृत भारत'. इथे बहिष्कृत म्हणजे समाजाने बाहेर ठेवलेली माणसे. विहिरीवर, दुकानात, कामावर ज्यांना नाकारले ती माणसे. हा बहिष्कार वरून खाली येतो. पुढे जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकण्याचे प्रकार थांबवण्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. तो कायदा महाराष्ट्रापुरता आहे. सीमेच्या अलीकडे आपण राहतो, पण वाळीत टाकणे म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

समलिंगी माणसांच्या हक्कांवरून कंपन्यांवर जे बहिष्कार झाले, त्यांत हे दोन अर्थ सारखे एकमेकांत मिसळतात. ते वेगळे करून पाहायला काही उदाहरणे उपयोगी पडतील. पहिले उदाहरण संत्र्याचे आहे, म्हणून आपल्याला जवळचे.

फ्लोरिडाची संत्री, १९७७

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला संत्र्याचा धंदा समजावून सांगायला नको. आंबिया बहार, मृग बहार, कळमन्याचा भाव, हे आपले रोजचे बोलणे. अमेरिकेत तेच स्थान फ्लोरिडा राज्याचे. तिथे संत्र्याच्या रसाची जाहिरात एक सरकारी मंडळ करते आणि त्याचा खर्च बागायतदारांकडून पेटीमागे घेतलेल्या करातून निघतो. १९७० च्या दशकात या मंडळाच्या जाहिरातींत अनिता ब्रायंट नावाची लोकप्रिय गायिका झळकत असे. संत्र्याचा रस म्हटले की तिचाच चेहरा आठवे.

जानेवारी १९७७ मध्ये मायामी शहर ज्यात आहे त्या डेड काउंटीने एक नियम केला. कुणी समलिंगी आहे म्हणून त्याला नोकरी, भाड्याचे घर किंवा सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारता येणार नाही. ब्रायंट यांनी याविरुद्ध मोहीम उघडली. समलिंगी माणसे मुलांना बिघडवतील, असा तिचा प्रचार होता. जूनमध्ये मतदान झाले आणि नियम मोठ्या फरकाने रद्द झाला.

समलिंगी लोकांनी संत्र्याचा रस पिणे सोडले. देशभरातल्या त्यांच्या बारमध्ये व्होडकात संत्र्याऐवजी सफरचंदाचा रस मिसळू लागले. ब्रायंट यांना कार्यक्रम मिळेनासे झाले. मंडळाने सुरुवातीला त्यांना धरून ठेवले, पण १९८० मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला नाही. रद्द झालेला नियम त्या काउंटीत परत यायला मात्र १९९८ उजाडले.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, बहिष्काराने कायदा बदलला नाही, चेहरा बदलला. कायद्याला आणखी एकवीस वर्षे लागली. दुसरी गोष्ट बागायतदाराच्या मनात येईल ती. ज्याने बागेला पाणी दिले, फवारणी केली, त्याने समलिंगी माणसांविरुद्ध एक शब्दही काढला नव्हता. पण त्याच्याच पेटीमागच्या पैशातून त्या चेहऱ्याला मानधन जात होते. बहिष्काराचा फटका नेहमी नेमक्या माणसालाच बसतो असे नाही. आपल्या बोरगावच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांनाही हे पटेल. कंपनीच्या नावावर राग निघतो, तेव्हा पाळीवर येणाऱ्या कामगाराला कुणी विचारलेले नसते.

बहिष्कार कधी चालतो

त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये कूर्स नावाच्या बिअरवर बहिष्कार पडला. ही कंपनी कामावर घेताना उमेदवारांना खोटे पकडण्याच्या यंत्रासमोर बसवत असे, आणि त्यात तुम्ही समलिंगी आहात का, असेही विचारले जाई. तिकडे बिअर वाहून नेणाऱ्या ट्रकचालकांच्या युनियनचा कंपनीशी झगडा चालू होता. युनियनच्या नेत्याने हार्वे मिल्क यांच्याकडे मदत मागितली. मिल्क हे कॅमेऱ्याचे दुकान चालवणारे, उघडपणे समलिंगी असलेले कार्यकर्ते. १९७७ मध्ये ते नगरमंडळावर निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा खून झाला. मिल्क यांनी युनियनला एक अट घातली. आम्ही आमच्या बारमधून कूर्स हद्दपार करू, पण तुम्ही आमच्या मुलांना ट्रकवर नोकऱ्या द्या. युनियनने मान्य केले. वर्षानुवर्षे त्या बारमध्ये कूर्स मिळत नव्हती. पुढे कंपनीने आपले धोरण बदलले आणि १९९५ मध्ये समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांनाही सवलती लागू केल्या.

इटलीतल्या बरिला या शेवया-पास्त्याच्या कंपनीचे उदाहरण अलीकडचे. सप्टेंबर २०१३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष ग्विदो बरिला रेडिओवर बोलून गेले की आपण जाहिरातीत समलिंगी कुटुंब कधी दाखवणार नाही, आणि ज्यांना आवडत नसेल त्यांनी दुसरा पास्ता खावा. लोकांनी खरेच दुसरा घ्यायला सुरुवात केली. बरिला यांनी माफी मागितली, कंपनीने कर्मचाऱ्यांसाठीची धोरणे बदलली आणि वर्षभरात समलिंगी हक्कांच्या अमेरिकी संस्थेने तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

हे बहिष्कार का चालले? वस्तू अशी होती की शेजारच्या फळीवर तिचा पर्याय ठेवलेला होता. बिअर, रस, पास्ता बदलायला गिऱ्हाइकाला काहीच त्रास नाही. मागणी स्पष्ट होती आणि कंपनीला ती पुरी करता येण्याजोगी होती. प्रश्न विचारणे बंद करा, नोकरीत भेद करू नका. 

हेच हत्यार दुसऱ्या हातात

बहिष्कार समलिंगी हक्कांच्या बाजूनेच होतो असे नाही. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट या मोठ्या ख्रिस्ती पंथाने १९९७ मध्ये डिस्ने कंपनीवर बहिष्कार घातला. समलिंगी कर्मचाऱ्यांच्या जोडीदारांना दिलेल्या सवलती हे त्याचे एक कारण. डिस्नेने धोरण बदलले नाही आणि २००५ मध्ये पंथाने बहिष्कार उठवला. चित्रपट आणि बागा यांना शेजारच्या फळीवर पर्याय नव्हता.

२०२३ मध्ये उलटे झाले. बड लाइट या बिअर कंपनीने डिलन मल्व्हेनी या ट्रान्सजेंडर कलावतीला तिचे चित्र असलेला एक डबा भेट पाठवला. तिने तो समाजमाध्यमांवर दाखवला. एवढ्यावरून बहिष्कार सुरू झाला, पुढच्या काही आठवड्यांत विक्री सुमारे पाव हिश्शाने घसरली आणि अमेरिकेत सर्वाधिक खपाची बिअर हे स्थान त्या कंपनीने गमावले. घाबरून कंपनीने मल्व्हेनीची बाजूही घेतली नाही, त्यामुळे समलिंगी हक्कांच्या संस्थाही नाराज झाल्या.

गिऱ्हाइकाचा हक्क म्हणून पाहिले तर डिस्ने, बड लाइट आणि कूर्स यांत फरक नाही. आपला पैसा कुठे खर्च करायचा हे ज्याने-त्याने ठरवावे. बॅप्टिस्ट माणसाने डिस्नेचा चित्रपट पाहिलाच पाहिजे, असे कुणी म्हणू शकत नाही. पण मागणी काय आहे हे पाहिले की फरक दिसतो. कूर्सला सांगितले जात होते की माणसांना बाहेर ठेवू नका. बड लाइटला सांगितले जात होते की हे माणूस आमच्या डोळ्यांपुढे आणू नका. पहिला वस्तूवरचा बहिष्कार आहे. दुसऱ्यात वस्तू निमित्त आहे आणि बहिष्कार माणसावर आहे.

परत भोपाळकडे

आता डाबरच्या जाहिरातीकडे पाहू. ज्यांना ती आवडली नाही, त्यांना क्रीम न घेण्याचा पूर्ण हक्क होता. कंपनीला पत्र लिहिण्याचा होता. जाहिरात आक्षेपार्ह वाटली तर तक्रार करण्यासाठी १९८५ पासून भारतीय जाहिरात मानक परिषद मुंबईत आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तनिष्कच्या आंतरधर्मीय डोहाळजेवणाच्या जाहिरातीवर असाच गदारोळ झाला, तेव्हा याच परिषदेने तपासून सांगितले की जाहिरातीत नियमभंग नाही. तरी तनिष्कने ती आधीच मागे घेतली होती.

टीका दुसऱ्या बाजूनेही झाली, हे इथे सांगायला हवे. गोरेपणाचा हव्यास वाढवणाऱ्या क्रीमने समतेच्या गोष्टी कराव्यात का, नवऱ्यासाठी बाईने उपाशी राहायचे हे व्रतच जुने नाही का, असे अनेक स्त्रियांनी आणि समलिंगी तरुणांनीही विचारले. कंपन्या जाहिराती करतात त्या माल खपवण्यासाठी. त्यांना समाजसुधारक समजण्याचे कारण नाही.

पण डाबरने माघार घेतली ती केवळ गिऱ्हाइकांमुळे, असे म्हणता येत नाही. राज्याच्या गृहमंत्र्याने पोलिसांचे नाव घेतले होते. गिऱ्हाइकाचा बहिष्कार म्हणजे ज्याच्याकडे सत्ता नाही त्याचे हत्यार. सत्ताच त्यात उतरली की त्याला बहिष्कार म्हणत नाहीत, धाक म्हणतात. त्याच आठवड्यात मंगळसूत्राच्या एका जाहिरातीलाही याच मंत्र्यांनी चोवीस तासांची मुदत दिली आणि तीही मागे घेतली गेली.

३० ऑक्टोबर २०२१ रोजी वाराणसीत बोलताना सर्वोच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी डाबरच्या जाहिरातीचा उल्लेख केला आणि लोकांच्या असहिष्णुतेमुळे ती मागे घ्यावी लागली, असे म्हटले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ज्या पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध वगळले, त्यांपैकी ते एक. म्हणजे कायद्याने त्या दोघी तरुणी गुन्हेगार नव्हत्या. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेवर सोडले, पण अशा जोडप्यांना त्रास आणि भेदभाव होऊ नये, असेही सांगितले. लग्नाचा हक्क नाही, गुन्हाही नाही, अशी आजची स्थिती आहे.

आपले लोक आणि या जाहिराती

सगळ्याच जाहिराती मागे गेल्या नाहीत. २०१७ मध्ये व्हिक्सच्या जाहिरातीत मुंबईच्या गौरी सावंत दिसल्या. पुण्यात वाढलेल्या, तृतीयपंथीयांसाठी 'सखी चारचौघी' ही संस्था चालवणाऱ्या. अनाथ झालेल्या एका मुलीला आई म्हणून वाढवतानाची त्यांची खरी गोष्ट त्यात होती. पुष्कळ मराठी घरांत ती डोळे पुसत पाहिली गेली. मे २०२३ मध्ये टाटा-स्टारबक्सच्या जाहिरातीत एक बाप आपल्या लेकीचे 'अर्पिता' हे नवे नाव स्वीकारतो. तिच्यावरही बहिष्काराचे निरोप फिरले.

आपल्या राज्यातली माणसेही वाटते तेवढी बंद मनाची नाहीत. देशातल्या पहिल्या तृतीयपंथी आमदार शबनम मौसी मध्य प्रदेशातल्याच, शहडोलकडच्या सोहागपूर मतदारसंघातून निवडून आल्या. त्यांना मते देणारे लोक खेड्यापाड्यांतलेच होते.

निरोप पुढे पाठवण्याआधी

पुढच्या वेळी असा निरोप आला तर चार गोष्टी पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते. एक, आपण ती जाहिरात स्वतः पाहिली आहे का. दोन, कंपनीने काय केले आहे. कुणाला नोकरी नाकारली, फसवले, अपमान केला, की फक्त काही माणसे दाखवली. तीन, मागणी काय आहे, आणि ती पुरी झाली तर कुणाचे भले होणार. चार, हा निरोप गिऱ्हाइकाचा आहे की कुणाच्या धाकाचा. या चार प्रश्नांनंतरही वस्तू घ्यायची नसेल तर घेऊ नये. त्यात गैर काही नाही.

पाचवी गोष्ट मात्र घरातली आहे. आपली मुले नागपूर, पुणे, भोपाळ, इंदूरला शिकायला आणि नोकरीला जातात. त्यांच्यातही समलिंगी मुले-मुली आहेत. आपल्या मंडळाच्या घरांतही असतील. ती बोलत नाहीत, पण ऐकतात. टीव्हीसमोर बसून काका-मावशी जाहिरातीतल्या त्या दोन बायकांबद्दल काय म्हणतात, कुटुंबाच्या गटात वडील कोणता निरोप पाठवतात, हे ती वाचतात. कंपनीला आपल्या एका क्रीमच्या डबीने फारसा फरक पडत नाही. पण सणाला घरी यावे की नाही, आईला सांगावे की नाही, हे त्या मुलाचे किंवा मुलीचे कदाचित त्याच संध्याकाळी ठरते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार होते. तिच्यामागची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी, नदी ओलांडताना दोन्ही काठांवरून सुरू झालेली दगडफेक आणि मध्ये अडकलेले ते दोघे. गोष्ट सांगताना आपण त्या दोघांविषयी हळहळतो. त्यांना पलीकडे जाऊ द्यायला हवे होते, असे आज दोन्ही गावांत प्रत्येकाला वाटते. मोबाइलवरून निरोप पुढे ढकलताना आपण कोणत्या काठावर उभे आहोत आणि मध्ये कोण आहे, एवढे आठवले तरी पुरे.